धांवत्या मोटारीचें चित्र

आमच्या हिंगोलीस मोटारींच्या शर्यतीचें मैदान नाहीं. हळदीचा बाजार आहे, राज्य राखीव दलाची छावणी आहे, दसऱ्याचें जुनें प्रदर्शन आहे. परंतु मोटारी धांवावयाच्या त्या नांदेडच्या किंवा वाशिमच्या रस्त्यावर, आणि त्याही मध्येंच आलेलीं गुरें चुकवीत. अशा ठिकाणीं राहून एक तरुण धांवत्या मोटारींचीं छायाचित्रें घेण्यास शिकत आहे, ही गोष्ट एरव्हीं या मासिकाच्या वाचकांपुढें मांडण्याचें कारण नव्हतें. परंतु त्याच्या एका चित्रावर मीं परीक्षक या नात्यानें अन्याय केला आहे. परीक्षकानें निकाल दिल्यावर मौन पाळावें असा संकेत आहे खरा. तो मोडून मी हा लेख लिहीत आहें.

गेल्या वर्षीं आमच्या भागांतील एका महाविद्यालयाच्या स्नेहसंमेलनांत छायाचित्रांची स्पर्धा होती. इंग्रजी वाङ्मय शिकविणाऱ्या माणसास सर्वच कलांतलें थोडेंबहुत कळतें, असा एक गोड गैरसमज आपल्याकडे अद्याप टिकून आहे. त्या गैरसमजाचा लाभ घेऊन मीही परीक्षकाच्या खुर्चीवर जाऊन बसलों. या तरुणानें दोन चित्रें ठेविलीं होतीं. वडिलांनीं हळदीच्या पैशांतून घेऊन दिलेला कोणाचा तरी वापरलेला कॅमेरा, आणि गांवाबाहेरील रस्त्याचें एक वळण, एवढेंच त्याचें भांडवल. दोन्ही चित्रें त्याच वळणावरचीं. पहिल्यांत एक पांढरी मोटार इतकी स्पष्ट उमटली होती कीं, पाटीवरील आंकडे, चाकाचा प्रत्येक आरा आणि चालकाच्या मिशीचा पीळ मोजून घ्यावा. दुसऱ्यांत मोटारीचें पुढचें दार व चालकाचा चेहरा तेवढा कसाबसा ओळखूं येत होता. चाकांच्या धुरकट चकत्या झाल्या होत्या, मागील बाभळींची रांग हिरव्या-तपकिरी रेघांत विरघळून गेली होती, आणि मैलाचा दगड म्हणजे केवळ एक पिवळा ओघळ. या दुसऱ्या चित्राखालीं मीं माझ्या वळणदार अक्षरांत शेरा लिहिला, ‘हात हलला आहे. विषय अस्पष्ट.’ बक्षीस पहिल्यास दिलें.

पुढें तें पहिलें चित्र वार्षिक अंकांत छापून आलें. आमच्या शेजारीं एस. टी. तून निवृत्त झालेले एक चालक राहतात. त्यांस मीं मोठ्या कौतुकानें अंक दाखविला. त्यांनीं चष्मा वर करून चित्र पाहिलें व मला विचारलें, “सर, गाडी बंद पडली का हो ही? मधीच उभी हाय.”

मी हंसलों, पण तें वाक्य मनांतून जाईना. ज्या माणसानें तीस वर्षें मोटार हांकली त्यास ती मोटार उभी दिसते, आणि ज्यास सायकलही नीट चालवितां येत नाहीं अशा मला ती धांवती दिसते, यांत चूक कोणाची असावी हें ठरविणें कठीण नव्हतें. मीं धांव पाहिलीच नव्हती. चित्राखालची चिठ्ठी वाचली होती.

थोडा हिशेब करूं. ताशी 72 किलोमीटर वेगानें जाणारी मोटार एका सेकंदांत 20 मीटर जाते. कॅमेऱ्याची झांप सेकंदाचा एक हजारावा भाग उघडी राहिली, तर तेवढ्या अवधींत मोटार 2 सेंटिमीटर सरकते. चाकाचा परिघ सुमारें 2 मीटर धरला तर चाक चार अंशही फिरत नाहीं. म्हणून आरे मोजतां येतात. तीच झांप पन्नासावा भाग उघडी ठेविली, तर मोटार 40 सेंटिमीटर पुढें जाते व चाक एक पंचमांश फेरा घेतें. आतां या अवधींत कॅमेरा मोटारीच्या बरोबरीनें, तितक्याच गतीनें वळवीत नेला, तर मोटार त्याच्यापुरती स्थिर राहते आणि रस्ता, झाडें, दगड हीं सर्व मागें पळतात. दुसऱ्या चित्रांत घडलें होतें तें हें. त्या मुलाचा हात हलला नव्हता. त्यानें तो हलविला होता. ‘हलला’ आणि ‘हलविला’ यांतील भेद व्याकरण शिकविणाऱ्यास कळूं नये, याची लाज अधिक वाटली.

या विषयावर पाश्चात्यांत जुना वाद आहे. 1878 सालीं कॅलिफोर्नियांत पालो आल्टो येथें मायब्रिज नांवाच्या छायाचित्रकारानें ओळीनें कॅमेरे मांडून धांवत्या घोड्याचे टप्पे टिपले. तोंपर्यंत चित्रकार भरधांव घोडा काढीत तो पुढचे पाय पुढें व मागचे पाय मागें ताणलेला. मायब्रिजच्या चित्रांनीं दाखवून दिलें कीं, असा घोडा कधींच धांवत नाहीं. चारही पाय जमिनीवरून उचललेले असतात तेव्हां ते पोटाखालीं गोळा झालेले असतात. झालें! चित्रकारांची चूक सिद्ध झाली असें सर्वांस वाटलें. परंतु पॉल ग्सेल याच्याशीं झालेल्या, 1911 सालीं प्रसिद्ध झालेल्या संभाषणांत शिल्पकार रोदँ यानें उलट बाजू घेतली. जेरिकोनें 1821 सालीं एप्समच्या शर्यतीचे घोडे ताणलेल्या पायांनीं काढले ते धांवतात. छायाचित्रांतले घोडे मात्र जागच्या जागीं गोठल्यासारखे दिसतात. तेव्हां खरा चित्रकारच, कारण प्रत्यक्षांत काळ कधीं थांबत नाहीं, असें त्याचें प्रतिपादन आहे.

रोदँचें निदान बरोबर आहे. परंतु त्यानें छायाचित्रावर ठेविलेला आरोप मात्र मला पुरता मान्य नाहीं. छायाचित्र क्षणाचें असतें, ही समजूतच मुळांत सैल आहे. छायाचित्र अवधीचें असतें. झांप उघडते व मिटते या दोहोंमध्यें कांहीं काळ जातो. तो हजाराव्या भागाचा असेल किंवा तिसाव्या भागाचा असेल, पण तो काळच आहे, आणि तो किती असावा हें ठरविणें चित्र घेणाराच्या हातीं असतें. शिल्पकारास दगडांत काळ भरावयाचा तर पायांची एक ठेवण अलीकडच्या क्षणाची व दुसरी पलीकडच्या क्षणाची अशी युक्ति करावी लागते. कॅमेऱ्यांत तो आपोआपच भरलेला असतो. आपण तो काढून टाकण्याची खटपट करतों, आणि पुढें चित्र निर्जीव झालें म्हणून तक्रार करतों.

कालिदासास कॅमेरा ठाऊक नव्हता, परंतु हा प्रश्न ठाऊक होता. शाकुंतलाच्या पहिल्या अंकांत दुष्यंताचा रथ हरणामागें धांवतो तेव्हां कवि रथाच्या चाकांविषयीं फारसें बोलत नाहीं. रथांतून पाहणाऱ्या राजास भोंवतालच्या वस्तूंचे आकार व अंतरें कशीं बदलतांना दिसतात, तें तो सांगतो. वेग ज्याचा आहे त्याचें वर्णन न करतां, वेगामुळें इतरांचें काय झालें त्याचें वर्णन करावयाचें, ही त्याची रीत. वर्गांत हा भाग मीं अनेकदां वाचून दाखविला आहे, आणि तरीही बाभळींच्या रेघा पाहून ‘विषय अस्पष्ट’ असें लिहिलें!

आतां ज्या एका चित्रामुळें माझी चूक मला पुरती उमगली, त्याकडे वळतों. जाक-आंरी लार्तीग हा फ्रान्समधील एका श्रीमंत घरचा मुलगा, जन्म 1894 सालचा. लहानपणापासून त्याच्या हातीं कॅमेरा होता, आणि मोटारी, विमानें, उड्या मारणारीं माणसें यांचें त्यास विलक्षण वेड. फ्रान्सच्या मोटार क्लबाची ‘ग्रां प्री’ शर्यत पाहण्यास तो गेला असतां त्यानें समोरून सुसाट जाणाऱ्या एका मोटारीचें चित्र कांचेच्या पट्टीवर घेतलें. त्याखालीं वर्षानुवर्षें 1912 हें साल छापलें जात असे. पुढें अभ्यासकांनीं तें 1913 च्या शर्यतीचें असल्याचें ठरविलें. म्हणजे चित्र घेणारा अठरा-एकोणीस वर्षांचा, आमच्या महाविद्यालयांतील विद्यार्थ्यांच्याच वयाचा होता.

पहिल्या दृष्टिक्षेपांत हें चित्र माझ्यासारख्या परीक्षकानें नापास करावें असेंच आहे. मोटारीचा पुढचा भाग चौकटीबाहेर गेला आहे. उरली आहे ती मागली बाजू, तिच्यावर ठसठशीत 6 हा आंकडा, आणि पुढें झुकून बसलेले दोन स्वार. मागचें चाक वाटोळें नाहीं. तें लांबट होऊन धांवण्याच्या दिशेस कललें आहे. डाव्या बाजूस उभे असलेले प्रेक्षक व त्यांच्याजवळचा खांब उलट दिशेस, मागें, रेलले आहेत. जणूं मोटारीच्या वाऱ्यानें सारा देखावाच मधोमध फाटला आहे.

याचें कारण यांत्रिक आहे. त्या काळच्या अशा कॅमेऱ्यांत कांचेपुढून एक अरुंद फट सरकत जाई. संबंध चित्र एकाच वेळीं उमटत नसे; देखाव्याचा खालचा भाग आधीं व वरचा मागाहून उमटे. चाकाचा तळ उमटून माथा उमटेपर्यंत मोटार पुढें सरकली, म्हणून चाक पुढें कललें. लार्तीग मोटारीबरोबर कॅमेराही फिरवीत होता, परंतु तिची गांठ घेण्याइतका जलद नव्हे. म्हणून मोटार चौकटीबाहेर निसटूं लागली आणि स्थिर प्रेक्षक मागें झुकले. दोन दोष एकत्र आले, आणि त्यांतून वेगाचें असें चित्र झालें कीं, व्यंगचित्रकारास धांवती मोटार काढावयाची झाली म्हणजे तो अशींच कललेलीं चाकें काढतो. तें बरींच वर्षें बाजूस पडून होतें. 1963 सालीं न्यूयॉर्कच्या आधुनिक कलासंग्रहालयांत जॉन झारकोव्स्की यानें लार्तीगच्या चित्रांचें प्रदर्शन भरविलें, तेव्हां हा स्वतःस चित्रकार समजणारा गृहस्थ एकोणसत्तर वर्षांचा होता, आणि जगानें त्यास छायाचित्रकार म्हणून ओळखलें.

दोष म्हणजेच कला, असें मात्र यावरून कोणी समजूं नये. हीच फट उलट्या दिशेनें सरकती, तर चाक मागें कललें असतें आणि मोटार करकचून थांबत असल्याचा भास झाला असता. लार्तीगचें भाग्य असें कीं, यंत्राची लहर व विषयाची दिशा जुळली. तथापि मला या चित्रांत मोठी वाटते ती गोष्ट चाकाची नाहीं. ती प्रेक्षकांची आहे. ते झुकलेले लोक झांकून चित्र पाहिलें तर मोटार नुसती वांकडी दिसते. त्यांच्यावरील हात काढला कीं ती धांवूं लागते. वेगाची साक्ष धांवणारा देत नाहीं, मागें राहिलेला देतो.

हें लिहितांना आमच्या औंढा नागनाथाची आठवण झाल्यावांचून राहत नाहीं. नामदेवांच्या कीर्तनासाठीं देऊळ फिरलें अशी कथा आहे. नामदेवांचें नरसी गांवही याच जिल्ह्यांत. देऊळ फिरल्याची खूण म्हणून लोक काय दाखवितात? देऊळ नव्हे. ते देवळामागें जाऊन नंदी दाखवितात. तो होता तेथेंच राहिला, म्हणून फिरलें तें कळलें. श्रद्धेचा प्रश्न वेगळा. कथा रचणारास दृश्यकलेंतलें मर्म साधलें होतें, एवढें मला म्हणावयाचें आहे.

आणखी एक योगायोग नोंदून ठेवतों. लार्तीग ज्या सुमारास वेग पकडण्याच्या मागें होता, त्याच सुमारास मुंबईंत दादासाहेब फाळके कुंडींतल्या वाटाण्याच्या रोपाचीं दिवसेंदिवस थांबून थांबून चित्रें घेत होते. 1912 च्या त्या लहानशा चित्रपटांत महिनाभराची वाढ पडद्यावर झरझर होतांना दिसे. जें डोळ्यांस फार जलद आहे तें, आणि जें फार सावकाश आहे तें, दोन्ही काळाच्या मापाचेच प्रश्न. आपल्याकडे फाळक्यांचें नांव पौराणिक कथांशीं जोडलें गेल्यामुळें त्यांच्या या रोपाकडे टीकाकारांचें लक्ष थोडें कमीच गेलें.

चूक ध्यानीं आल्यावर मीं त्या विद्यार्थ्यास घरीं बोलाविलें. लार्तीगचें चित्र दाखविलें. तो हंसून म्हणाला, “सर, हें मोबाइलमध्यें पण होतं.” आणि खरोखरच, त्यानें धांवत्या बसच्या खिडकींतून घेतलेलें चित्र दाखविलें; रस्त्याकडेचे विजेचे खांब सारे तिरपे! मोबाइलमध्येंही प्रकाशाची नोंद ओळीमागून ओळ अशी होते, एकदम होत नाहीं. शंभर वर्षांपूर्वींची फट यंत्रांतून गेली, पण तिची खोड राहिली. तोच मोबाइल उलटा धरून घेतलेल्या चित्रांत खांब विरुद्ध दिशेस झुकले होते. हा प्रयोग त्यास कोणीं शिकविला नव्हता. मीं त्यास दुसऱ्या चित्राची प्रत मागितली. तो जरा वेळ बोलला नाहीं, मग म्हणाला, “तें काढून टाकलं सर. तुम्ही चूक आहे म्हणालात, मग ठेवून काय करायचं?” स्पर्धेसाठीं काढलेली कागदी प्रतही प्रदर्शनाच्या आवरासावरींत गेली होती. म्हणजे ज्या चित्राविषयीं मी हें सारें लिहीत आहें, तें आतां माझ्या स्मरणाखेरीज कोठेंही नाहीं. वाचकांनीं माझ्या वर्णनावर कितपत विसंबावें, हें त्यांचें त्यांनीं ठरवावें. एकदां मीं तें चुकीचें पाहिलेंच आहे.

नवशिक्याच्या अडचणी त्याच्याकडूनच समजल्या. त्याचे आदर्श म्हणजे मोठ्या शर्यतींचीं छापील व पडद्यावरचीं चित्रें. 30 ऑक्टोबर 2011 रोजीं दिल्लीजवळच्या बुद्ध वर्तुळमार्गावर भारतांतील पहिली ‘फॉर्म्युला वन’ शर्यत झाली, तेव्हांपासून अशीं चित्रें आपल्याकडेही घरोघर आलीं. त्यांचें तंत्र निर्दोष असतें हें मान्य. परंतु एकामागून एक पन्नास चित्रें पाहावीं, तर मोटारीचा रंग तेवढा बदलतो. मोटारीच्या अंगावरील व्यापारी नांवें वाचतां आलीं पाहिजेत, ही तेथील पहिली अट. कारण चित्राचे पैसे बहुधा त्या नांवांसाठींच मोजलेले असतात. जाहिरातीस स्पष्टता लागते, यांत गैर कांहीं नाहीं. पण शिकणाऱ्यानें ती कलेची अट समजून गळ्यांत बांधून घेतली, तर तो आयुष्यभर उभ्या मोटारी काढीत राहील. आमच्या स्पर्धेंत कोणाची जाहिरात नव्हती. तरी मीं तीच कसोटी लावली!

दुसऱ्या टोकाचाही एक धोका आहे. पाठलागाची ही युक्ति साधली म्हणजे नवशिक्या प्रत्येक चित्राच्या पार्श्वभूमीस रेघा ओढूं लागतो. उभ्या बैलाच्या मागेंही! ज्या धूसरपणांत कांहींच स्पष्ट नाहीं, तो नुसता गोंधळ. चालकाचा चेहरा, निदान दाराची मूठ, एवढें तरी टिकलें पाहिजे. आणि कोणतें स्पष्ट ठेवावयाचें हें झांप दाबण्यापूर्वीं ठरलें पाहिजे. कॅमेरा एका जागीं धरून मोटार त्याच्यासमोरून जाऊं दिली, तर चाकाचा खालचा भाग स्वच्छ व वरचा पुसट येतो. कारण रस्त्यास टेकलेला बिंदु त्या क्षणीं स्थिर असतो आणि माथा मोटारीच्या दुप्पट वेगानें जात असतो. मोटारीबरोबर कॅमेरा फिरविला तर सारी धांव सारखीच पुसटते. चित्र एकच नव्हे. दोन वेगळीं विधानें आहेत.

शर्यतीचें मैदान नसल्याची उणीव त्यानें शंकरपटानें भरून काढली आहे. बैलांच्या शर्यतींवर 7 मे 2014 रोजीं सर्वोच्च न्यायालयानें बंदी घातली होती. महाराष्ट्रांत 2021 च्या डिसेंबरांत ती सशर्त उठली आणि 18 मे 2023 च्या निकालानें राज्याचा कायदा कायम झाला. तेव्हांपासून आमच्याकडे व शेजारच्या विदर्भांत पट पुन्हां जोरांत भरूं लागले आहेत. बैलांस सोसावें लागतें त्याविषयींचा आक्षेप मला पोकळ वाटत नाहीं, आणि तो या मुलासही वाटत नाहीं. चाबूक उगारलेलें चित्र तो मुद्दाम ठेवतो. पण शिकण्याच्या दृष्टीनें पट ही पाठशाळा आहे. सरळ वाट, ठरलेली दिशा, कांहीं सेकंदांत संपणारी धांव, आणि एक जोडी चुकली तर लगेच दुसरी. पाय रोवून कमरेंतून वळावें, ज्या जागीं जोडी यावयाची तेथें आधींच नजर बांधून ठेवावी, आणि झांप मिटल्यावरही हात थांबवूं नये, हें त्यास तेथें साधलें. तो म्हणतो, मोटार सोपी. ती निदान वर-खालीं उड्या मारीत नाहीं.

एका बाबतींत मात्र मी त्यास वडीलकीनें बजावलें आहे. 1903 सालीं पॅरिसहून माद्रिदकडे निघालेली शर्यत अपघातांमुळें बोर्दो येथेंच थांबवावी लागली. ज्यांनीं एवढा वेग पूर्वीं पाहिला नव्हता असे लोक रस्त्यांतच उभे राहून, मोटार जवळ आल्यावर बाजूस होत. 11 जून 1955 रोजीं ल मां येथें एक मोटार प्रेक्षकांवर कोसळून ऐंशींहून अधिक माणसें मेलीं. कॅमेऱ्याच्या छिद्रांतून पाहणाऱ्यास अंतर कळत नाहीं, आणि वळणाच्या बाहेरच्या अंगास उभें राहण्याचा मोह मोठा असतो, कारण तेथून मोटारीचें तोंड सुरेख दिसतें. सुटलेली मोटार जाते तीही त्याच अंगास. तो आतां वळणाच्या आंतल्या बाजूस, बांधाच्या वर उभा राहतो.

परवांच्या रविवारीं मी त्याच्याबरोबर त्या बांधावर गेलों होतों. शेजारच्या चालक काकांसही घेऊन गेलों. सकाळपासून दुपारपर्यंत मुलानें तीनशेंवर चित्रें घेतलीं असतील. सावलींत बसून तो एकेक दाखवूं लागला, आणि माझें बोट संवयीनें ‘हें काढून टाक’ असें म्हणावयास पुढें होऊं लागलें तेव्हां मीं तें आवरलें. काकांनीं मात्र एका चित्रावर त्यास थांबविलें. एक मालमोटार, पाठीमागें बाभळींच्या रेघा, चालकाची कोपरी खिडकीबाहेर. काका बराच वेळ पाहत राहिले. “ह्यो ऐंशीच्या वर हाय,” ते म्हणाले, “आन् पुढच्या मोरीवर ब्रेक मारणार हाय. कोपर आत घ्यायला लागलाय बघा.”

मीं पाहिलें. कोपराच्या कडेस, आंतल्या बाजूकडे, एक बारीकशी पुसट रेघ होती.